देवकरंजची गिरणी

कोष्टी सर मुलांना नेहमी अंगठ्यापासून शिकवायला सुरुवात करत.

"हात लांब करा. अंगठा उभा धरा. आता डावा डोळा मिटा. मग तो उघडा आणि उजवा मिटा. काय झालं?"

अंगठा उडी मारतो, असं सगळी मुलं एकदम सांगायची. सर म्हणायचे, अंगठा जागचा हललेला नाही. तुमचे दोन डोळे दोन जागी आहेत, म्हणून दोघांना तो वेगवेगळ्या जागी दिसतो. जवळची वस्तू मोठी उडी मारते, समोरचा डोंगर जवळजवळ मारतच नाही. कोण किती उडी मारतं यावरून मेंदू ओळखतो, कोण किती लांब आहे.

मग ते भिंतीवरचा एखादा जुना फोटो खाली काढत. फोटो म्हणजे एकदा उघडलेला आणि नंतर कधीच न मिटलेला डोळा. देवकरंज धरणात जाणार हे ठरलं त्या शेवटच्या उन्हाळ्यात मोजणीवाल्यांनी घराघराचे फोटो काढले. पुण्या-मुंबईला असलेली पोरं मागून आणलेले कॅमेरे घेऊन आली. कुणी दारात उभ्या आईचा, कुणी बैलांचा, कुणी नुसत्या चिंचेचा फोटो काढला. असे हजारो डोळे एकाच गावाकडे वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बघत होते. ते सगळे एकत्र आणले, तर कुठला उंबरा कुठे होता हे यंत्राला काढता येतं. आणि ते एकदा कळलं, की जिथे कुणीच कॅमेरा घेऊन उभं नव्हतं त्या जागेवरून गाव कसं दिसलं असतं, तेही काढता येतं.

"चला तर, गावात जाऊन येऊ," सर म्हणायचे आणि दार ढकलायचे.

नव्या देवकरंजच्या टेकडीवर इतिहास मंडळाची इमारत होती आणि तिच्यात ती गोल खोली होती. भिंतींवर प्रकाश सोडणारे पत्रे बसवले होते, पण भिंत आहे असं वाटायचंच नाही. आपण दोन पावलं सरकलो की चिंचेच्या मागचं घर दिसायला लागायचं. माणसं होती, आणि ती अगदी थोडी हलायची, पाण्याखालचं शेवाळ हलतं तशी. आवाज मात्र नव्हता, कारण फोटोत आवाज नसतो.

मंडळाचे दोन नियम होते. ज्याला फोटोचा पुरावा आहे ते ठसठशीत दिसेल, आणि यंत्रानं आजूबाजूच्या गोष्टींशी मेळ घालून जे अंदाजानं भरलंय ते धुक्यात दिसेल. दुसरा नियम त्याहून कडक होता. कुणाच्या सांगण्यावरून गाव बदलायचं नाही, फोटोवरूनच बदलायचं. हा नियम नसता तर प्रत्येकानं आपला बांध हातभर पुढे सरकवून घेतला असता. भाऊ थोरवे तर आपल्या आजोबांचं घर दुमजली होतं असं सांगायला आले होते. सरांनी फोटो मागितला, तर त्यांनी नव्या गावात बांधलेल्या स्वतःच्याच बंगल्याचा फोटो आणून दिला. अजून लोक त्यांना तिसऱ्या मजल्याचं विचारतात.

अक्षय्य तृतीयेला हे गाव पक्कं व्हायचं होतं. त्यानंतर त्यात बदल नाही. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये तेच गाव जाणार होतं.

हेमलता माळवदेंनी आपला पत्र्याचा डबा मंडळाला दिला तो फाल्गुनात. त्यात वीसेक फोटो होते, घराचा मोजणीचा उतारा होता आणि आईचा त्या शेवटच्या उन्हाळ्यातला एक फ्रेम केलेला फोटो होता. हेमाताई आता शहात्तरच्या होत्या. गाव उठलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील, हरिबा, त्या पाळण्यात असतानाच काविळीनं गेले. वडिलांचा एकच फोटो होता, हेमाताईंच्या जन्माच्या दहा-बारा वर्षं आधी जत्रेत रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेला. त्यात ते तेवीस वर्षांचे होते आणि हातात कागदी फूल धरून उगाच गंभीर झाले होते.

"पहिली फेरी देणाऱ्याची," कोष्टी सर म्हणाले. मंडळाची ती रीत होती. कुणाचे फोटो गावात बसवून झाले, की इतर कुणी बघायच्या आधी त्या माणसाला एकट्याला आत सोडायचं.

हेमाताई आत गेल्या. तिथे चैत्रातली दुपार होती. चिंचेखालून त्या आपल्या घरच्या गिरणीच्या बाजूला वळल्या आणि थांबल्या. देशपांड्यांच्या ओसरीवर हळदीकुंकू चाललं होतं. गावातलं शेवटचं हळदीकुंकू, म्हणून त्या वर्षी सगळ्या आळ्यांतल्या बायकांना बोलावणं होतं. मागच्या रांगेत आई बसली होती. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, मांडीवर भिजवलेले हरभरे होते आणि कपाळावर कुंकू होतं, रुपयाएवढं, लालभडक.

पलीकडे गिरणीच्या दारात एक माणूस उभा होता. तो धुक्यात होता. कल्ले पांढरे व्हायला लागलेले, पोट थोडं सुटलेलं. एका हाताने त्याने चौकट धरली होती आणि तो ओसरीकडे बघत होता, बायको कधी निघते याची वाट बघणारा नवरा जसा बघतो तसा.

हेमाताईंनी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. या वयाचा तो कुणीच पाहिला नव्हता. तरी त्यांनी ओळखलं. त्यांचं स्वतःचं नाक त्याच्या चेहऱ्यावर होतं.

त्या बाहेर आल्या. सरांनी चहा मागवला. मग हेमाताईंनी विचारलं, हे कसं झालं?

सरांनी तो फ्रेमचा फोटो टेबलावर ठेवला. हेमाताईंची मुलगी नीलांबरी तीन वर्षांची असताना आजी गेली. त्या दिवाळीत नीलूनं देव्हाऱ्यातल्या देवांना कुंकू लावलं आणि त्याच ओघात स्टुलावर चढून भिंतीवरच्या आजीलाही लावलं. फ्रेमची काच घर बदलताना फुटली होती, त्यामुळे बोट थेट कागदावर पडलं. हेमाताईंनी ओला कपडा आणला होता. पण विधवा आईच्या कपाळावरचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं म्हटल्यावर त्यांचा हात उचलला नाही. पुढे दरवर्षी नीलू लावत गेली, आणि मग ती सवयच झाली.

"हळदीच्या पाण्यात चुना टाकला की ते लाल होतं, हे मी पोरांना दाखवतो ना, तेच हे," सर म्हणाले. खरं कुंकू हळदीपासून करतात, आणि तो नुसता चुरा नसतो, रंग असतो. फोटोच्या कागदावर सरसाचा एक पातळ थर असतो आणि चित्र त्या थराच्या आत असतं. यंत्र फोटो तपासताना खोली बघतं. थराच्या वर आहे ती धूळ, डाग, बुरशी. ते काढून टाकायचं. थराच्या आत आहे ते चित्र, ते ठेवायचं. त्या काळी फोटो काळेपांढरे निघायचे आणि स्टुडिओवाले त्यांत ब्रशनं रंग भरायचे, तो रंगही थरात मुरलेला असायचा. हे कुंकूही वर्षानुवर्षं मुरत गेलं. यंत्रानं ते चित्रातलंच धरलं.

"आणि एकदा कुंकू धरलं, की बाकी सगळं त्याच्याशी जुळायला हवं. कुंकू आहे म्हणजे हळदीकुंकवाला गेली असणार. ओसरीवरच्या फोटोत मागे एक बाई पदराआड अर्धी दिसत होती, यंत्राला वाटलं तीच ही. कुंकू आहे म्हणजे नवरा आहे. नवऱ्याचा जत्रेतला फोटो होताच. त्याच्यात यंत्रानं वर्षं मिळवली."

हेमाताईंनी कपाळावरची टिकली नकळत चाचपली. त्यांचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि टिकली का लावता असं त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. आईच्या वेळी तसं नव्हतं.

"हे चूक आहे, हेमाताई. मला माहीत आहे आणि तुम्हालाही. पण मी माझ्या हातानं काढू शकत नाही, नियम आहे. आईंचा त्या उन्हाळ्यातला दुसरा एखादा फोटो आहे का?"

"नाही," हेमाताई म्हणाल्या.

फोटो होता. कपाटात, साड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

त्यानंतर हेमाताई रोज संध्याकाळी मंडळात जायला लागल्या. सर काही विचारत नसत, दार उघडून देत आणि बाहेर पेपर वाचत बसत. आत चैत्रातली तीच दुपार असायची. हेमाताई गिरणीच्या दारासमोर उभ्या राहायच्या आणि त्या धुक्यातल्या माणसाला सगळं सांगायच्या. शाळेत पहिली आले होते. लग्नात तुमच्या जागी मामा उभे होते. माझ्या नातीला बाळ होणार आहे. तो माणूस ओसरीकडे बघत राहायचा, पण त्याच्या छातीची अगदी थोडी हालचाल व्हायची, आणि ती ऐकणाऱ्या माणसासारखी वाटायची. कधी कधी धुकं किंचित विरळ व्हायचं आणि गालावरचा तीळ दिसायचा. हेमाताईंना वाटायचं, आणखी थोडं थांबले तर तो मान वळवेल.

घरी आल्यावर त्यांना जेवण जात नसे. शेजारणीला त्या एकदा म्हणाल्या, आमच्या वडिलांचे कल्ले अलीकडे पांढरे व्हायला लागलेत. शेजारीण घाबरून गेली. तिनेच नीलांबरीला फोन केला.

नीलांबरी नाशिकहून आली. आईनं तिला दुसऱ्या दिवशी गावात नेलं. ओसरीवरची आजी बघून नीलू तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आपल्या तीन वर्षांच्या बोटानं हे सगळं केलं हे कळल्यावर ती आधी हसली आणि मग रडली.

"राहू दे ना, आई. कुणाचं काय जातंय? आजीला जन्मभर कुणी ओसरीवर बसू दिलं नाही. इथे तरी बसू दे."

हेमाताईंनाही तेच वाटत होतं. त्यांनी मान डोलावली. मग नीलूनं गिरणीकडे बोट दाखवून सहज विचारलं, "आणि गिरणी कोण चालवायचं? आजोबाच?"

हेमाताई उत्तर द्यायला गिरणीकडे वळल्या.

गिरणीच्या दारात माणूस होता. आत धुक्यात पट्टा फिरत होता, पिठाचा झोत डब्यात पडत होता. हे सगळं त्या रोज बघत होत्या. गिरणीचा ओटा मात्र रिकामा होता, आणि तो रिकामा आहे हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

घरी गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. साड्या बाजूला केल्या. वर्तमानपत्राचा कागद इतका जुना झाला होता की तो घडीवर फाटला. नीलू शेजारी येऊन बसली.

फोटो त्याच दुपारचा होता. देशपांड्यांच्या पुतण्यानं ओसरीकडे जाता जाता काढलेला. गिरणीच्या ओट्यावर एक बाई पाय सोडून बसली होती आणि तिला टेकून नऊ वर्षांची मुलगी. दोघींच्या हातात पेले. बाईच्या मनगटात काही नव्हतं. डोक्यावरून ओढलेला पदर, भुवया, पापण्या, सगळं पिठानं पांढरं झालं होतं. ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. मागच्या उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती, आणि भिंतीवर जत्रेतल्या फोटोची चौकट, तिला सुकलेला हार.

मग हेमाताईंनी नीलूला ते सांगितलं जे त्यांनी आजवर तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. गिरणी टाकून वर्षही झालं नव्हतं तेव्हा आजोबा गेले, आणि भावकी म्हणाली गिरणी विकून टाक. आजी इंजिन सुरू करायला शिकली. दगड बोथट झाले की छिन्नीनं टाकी लावायची ती स्वतः, खाली बसून, डोळ्यांत कण जाऊ नयेत म्हणून तोंड फिरवून. सकाळी गिरणीची पुकपुक ऐकू आली की गावातल्या बायका दळणाचे डबे उचलायच्या. हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या बायकाच त्या, पण आपलं दळण आधी व्हावं म्हणून आजीची मनधरणी करायच्या. आजी कुणाच्या पिठात कुणाचं पीठ मिसळू द्यायची नाही, आणि कुणाची गोष्ट कुणाला सांगायची नाही.

"त्या दिवशी मी रडत होते. ओसरीवर पन्हं होतं, आणि आम्हाला बोलावलं नव्हतं. तर आईनं गिरणीतच पन्हं केलं. कैऱ्या इंजिनाच्या गरम पाण्यात उकडल्या. त्याला डिझेलचा वास येत होता. ती म्हणाली, देशपांड्यांच्या पन्ह्यात केशर असतं, ते आपल्याला परवडत नाही, आपलं हे इंजिनाचं पन्हं. मी हसले, तेव्हाचा हा फोटो."

नीलूनं फोटो हातात घेतला नाही. ती नुसती वाकून बघत होती.

"मला हा कधीच आवडला नाही," हेमाताई म्हणाल्या. "कपाळ मोकळं दिसतं म्हणून. तेवढंच बघत राहिले मी."

"आणि हा दिला तर आजोबा जाणार."

"जाणार."

"आई, मग तूच आजीचं कुंकू पुसल्यासारखं होईल."

हेमाताईंनी खिडकीतून पाहिलं. बाहेर धरणाच्या पाण्यावर संध्याकाळ उतरत होती.

"ते पुसायचं गावानं केव्हाच पुसलं, नीलू. त्यानंतर तिनं जे केलं, ते त्या खोलीत कुठेच नाही. पोरं शाळेत शिकतील की गिरणी हरिबा चालवायचा. तो भला माणूस असेल, पण त्यानं एक वर्षसुद्धा ती चालवली नाही. तिचं आहे ते तिला द्यायला नको?"

नीलू उठली. रात्रीचा स्वयंपाक तिनेच केला आणि आईला वाढलं. हेमाताई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

सकाळी दोघी मंडळात गेल्या. हेमाताईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि सरांकडे न बघता म्हणाल्या, त्या दिवशी मी खोटं बोलले होते. सरांनी चष्मा पुसून फोटो बराच वेळ पाहिला. ते म्हणाले, देणाऱ्याची वेळ देणारा ठरवतो, त्याला खोटं म्हणत नाहीत. मग त्यांनी विचारलं, यंत्रात घालण्याआधी एकदा आत जाऊन यायचंय का?

हेमाताई एकट्या गेल्या. धुक्यातला माणूस चौकट धरून उभा होता. या वेळी त्यांनी त्याला काही सांगितलं नाही. त्या त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्याला जे दिसत होतं ते बघत राहिल्या: ओसरी, बायका, मागच्या रांगेतलं लाल कुंकू. त्याच्या खांद्यापर्यंत त्यांचं डोकं पोहोचत होतं. मग त्या बाहेर आल्या आणि सरांना म्हणाल्या, घाला आता.

यंत्राला वेळ लागला. एक फोटो म्हणजे एक नवा डोळा, आणि तो उघडला की आधीच्या सगळ्या डोळ्यांना पुन्हा एकमेकांशी पडताळून बघावं लागतं. कपाळ मोकळं, म्हणजे फ्रेममधलं कुंकू नंतरचं. कुंकू नंतरचं, म्हणजे ओसरीवरची पदराआडची बाई दुसरी कुणीतरी. म्हणजे दारातला माणूस नाही. सर पडद्यावर बघून हे एकेक सांगत होते, वर्गात गणित सोडवावं तसं, पण आवाज मात्र हळू होता. नीलूनं आईचा हात धरला होता.

अक्षय्य तृतीयेला गाव सगळ्यांसाठी उघडलं. पहिला मान शाळेतल्या मुलांचा होता. सरांनी त्यांचे अंगठे उडवून घेतले, दार ढकललं, आणि मुलं चिंचेखालून पसरली.

हेमाताई आधीच आत होत्या. सरांनी गिरणीच्या ओट्याच्या जागी, बरोबर तेवढ्या उंचीचं एक लाकडी बाकडं ठेवलं होतं, आणि ते कुणासाठी हे सांगितलं नव्हतं. हेमाताई त्यावर पाय सोडून बसल्या होत्या. शेजारी, हात लावावा इतक्या जवळ, ती बसली होती, आणि तिला टेकून नऊ वर्षांची मुलगी, जिचं हसू कधीच संपत नव्हतं. कुठेही धुकं नव्हतं. मागच्या दारातून तेवीस वर्षांचा हरिबा चौकटीतून बघत होता, हातात कागदी फूल घेऊन, आपल्या जागी. आतला पट्टा फिरत होता, आणि खोलीत काहीच आवाज नसताना हेमाताईंना पुकपुक स्पष्ट ऐकू येत होती.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी त्यांच्यासमोर येऊन थांबली. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग शेजारच्या बाईकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"आजी, या कोण?"

"गिरणीवाली. ही गिरणी तिची."

मुलगी आणखी जवळ आली. तिने एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि निरखून बघितलं.

"त्यांच्या कपाळावर काय आहे?"

"पीठ," हेमाताई म्हणाल्या. "ज्वारीचं."